हवामानाचे तरुण संशोधक आणि आपली शेती
(पुणे येथे शेतकऱ्यांच्या मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



माझ्या आधी चार तरुण संशोधकांनी आपापले काम तुमच्यापुढे मांडले. कोणी ढगांबद्दल बोलले, कोणी विजांबद्दल, कोणी समुद्राच्या तापमानाबद्दल. तक्ते सुरेख होते. मी मागच्या रांगेत बसलो होतो, म्हणून तिथली कुजबुजही मला ऐकू आली. एक गृहस्थ शेजाऱ्याला म्हणाले, "हे सगळे ठीक आहे हो, पण पेरायचे मृगात की आर्द्रात?" हा प्रश्न मला अतिशय योग्य वाटला. बियाणे, खत आणि मजुरी एकदा मातीत गेली की परत येत नाही, आणि दुबार पेरणीचा खर्च कोणताही संशोधक भरून देत नाही. तेव्हा या मंडळींचे काम तुमच्या बांधापर्यंत कितपत पोहोचते आणि कुठे थांबते, ते सांगण्याचा मी प्रयत्न करणार आहे.

प्रथम पुण्याविषयी. हवामानशास्त्र आणि पुणे यांचे नाते जुने आहे. भारतीय हवामान खाते १८७५ साली स्थापन झाले. त्याचे मुख्य कार्यालय १९२८ साली सिमल्याहून पुण्यास आले. शिवाजीनगरच्या त्या दगडी इमारतीला लोक आजही 'सिमला ऑफिस' म्हणतात. रोज तिच्यावरून जाणाऱ्या अनेकांना या नावाचे कारण माहीत नसते. मुख्यालय १९४४ साली दिल्लीस गेले, पण शेतीच्या हवामानाचे काम पुण्यातच राहिले. १९६२ साली येथे उष्णदेशीय हवामानाच्या संशोधनासाठी स्वतंत्र संस्था निघाली. तीच आज पाषाणला असलेली भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्था, म्हणजे वर्तमानपत्रात तुम्ही जिला 'आयआयटीएम' म्हणून वाचता ती. सुरुवातीची वर्षे तिचे काम गणेशखिंड रस्त्यावरील रामदुर्ग हाऊसमध्ये चालत असे. देशभरातील कितीतरी हवामान संशोधकांनी उमेदीच्या काळातील पहिले काम या शहरात केले आहे. त्यांपैकी दोघांची हकिगत मी जरा सविस्तर सांगणार आहे, कारण ती थेट आपल्या शेताशी जोडलेली आहे.

रात्रीची थंडी नेमकी कुठे बसते?

पहिली हकिगत डॉ. एल. ए. रामदास यांची. रामदास मूळचे भौतिकशास्त्राचे. कलकत्त्यास सी. व्ही. रामन यांच्या हाताखाली त्यांनी प्रकाशाच्या विकिरणावर काम केले होते. १९२६ मध्ये ते हवामान खात्यात आले. शेतीसंबंधीच्या शाही आयोगाने १९२८ साली शिफारस केल्यानुसार १९३२ मध्ये पुण्यात कृषी हवामान विभाग सुरू झाला आणि तो रामदास यांच्याकडे सोपविण्यात आला. त्यांचे वय तेव्हा बत्तीस होते. कृषी महाविद्यालयाच्या शेतावर वेधशाळा उभी राहिली आणि मातीचे, जमिनीलगतच्या हवेचे, पिकातल्या ओलाव्याचे मोजमाप सुरू झाले.

त्या काळी सर्व पुस्तकांत एक गोष्ट ठामपणे लिहिलेली असे. निरभ्र आणि वारा पडलेल्या रात्री जमीन आपली उष्णता आकाशाकडे सोडते आणि थंड होते. जमिनीला टेकलेली हवा तिच्यामुळे थंड होते. म्हणून सर्वांत थंड जागा जमिनीच्या पृष्ठभागावर असते आणि तिथून वर जावे तसतसे तापमान वाढत जाते. तर्क बिनचूक दिसतो. रामदास आणि त्यांचे सहकारी एस. आत्मनाथन यांनी मात्र नुसत्या तर्कावर न थांबता जमिनीपासून निरनिराळ्या उंचीवर तापमापक लावून रात्रभर नोंदी घेतल्या. उघड्या जमिनीवर त्यांना वेगळेच चित्र दिसले. सर्वांत कमी तापमान जमिनीवर नव्हते. ते जमिनीपासून वीत-दीड वीत उंचीवर, कधी त्याहूनही थोडे वर होते आणि खालची जमीन त्या मानाने ऊबदार होती. फरक काही वेळा दोन-तीन अंशांपर्यंत जात असे.

हे निरीक्षण त्यांनी १९३२ साली प्रसिद्ध केले. परदेशातील अनेक शास्त्रज्ञांचा त्यावर विश्वास बसला नाही. उपकरणांत खोट असेल, बाजूने थंड हवेचा झोत येत असेल, अशा शंका घेतल्या गेल्या. शंका वाजवीही होत्या, कारण थंड हवा जड असते. ती वर आणि ऊबदार हवा खाली अशी मांडणी टिकायला नको. वरची हवा खाली कोसळायला हवी. पुढे वीस-पंचवीस वर्षांनी इतरांनी, विशेषतः राश्के यांनी, १९५७ साली प्रसिद्ध केलेल्या अतिशय काळजीपूर्वक घेतलेल्या नोंदींतही तोच थंड थर दिसला. आज त्याला जगभर 'रामदास थर' म्हणतात. तो का पडतो याची गणिती मांडणी वासुदेव मूर्ती, श्रीनिवासन आणि रोद्दम नरसिंह यांनी १९९३ मध्ये केली. जमिनीलगतची हवा स्वतःच आकाशाकडे उष्णता सोडते, हा त्यातला गाभा. अलीकडे बंगळूरच्या संशोधकांनी हवेत तरंगणाऱ्या बारीक कणांचाही त्यात मोठा वाटा असल्याचे प्रयोगांतून दाखविले आहे. चर्चा अजून पूर्ण मिटलेली नाही. पुण्याच्या एका शेतावर केलेल्या निरीक्षणाचा उलगडा नव्वद वर्षांनंतरही चालू आहे.

आता याचा तुम्हाला उपयोग काय? आकाशवाणीवर किंवा वर्तमानपत्रात 'किमान तापमान ६ अंश' असे येते, तेव्हा ते वेधशाळेतील पांढऱ्या झडपांच्या पेटीत, जमिनीपासून साधारण चार फुटांवर मोजलेले असते. तुमचा फुलोऱ्यातला हरभरा एक-सव्वा फुटावर आहे. कांद्याचे रोप वितीएवढे आहे. पेटीत ६ अंश असताना उघड्यावर, त्या उंचीला पारा दोन-चार अंश खाली असू शकतो. म्हणून आकडा शून्याच्या पुष्कळ वर असूनही सकाळी पानांवर पांढरा थर दिसतो आणि लोक म्हणतात, वेधशाळा खोटे बोलली. वेधशाळेने खरेच सांगितले होते, पण चार फुटांवरचे.

एक सावधगिरी मात्र ठेवा. रामदास थर उघड्या, पीक नसलेल्या किंवा अगदी विरळ पीक असलेल्या जमिनीवर स्पष्ट दिसतो. पीक दाट झाले, म्हणजे पानांनी जमीन झाकली, की आकाशाकडे उष्णता सोडण्याचे काम पानेच करतात आणि सर्वांत जास्त थंडी शेंड्याला बसते. द्राक्षाच्या मांडवावर असेच होते. निफाडच्या बागायतदारांना हे सांगण्याची गरज नाही. मण्यांना तडे जाण्याची भीती त्यांना डिसेंबर-जानेवारीत दरवर्षी असते.

उपाय तुम्हाला माहीत आहेत, पण त्यामागचे कारण समजले तर त्यांची वेळ चुकत नाही. थंडीच्या लाटेचा इशारा असेल त्या दिवशी संध्याकाळी किंवा रात्री विहिरीचे पाणी द्यावे. हिवाळ्यात विहिरीचे पाणी हवेपेक्षा कोमट असते; शिवाय ओली जमीन दिवसाची उष्णता जास्त साठवते आणि रात्री सावकाश सोडते. पहाटे शेकोट्या करताना एक मोठा जाळ करू नये. लहान लहान शेकोट्या बागेत ठिकठिकाणी कराव्यात. मोठ्या जाळाची गरम हवा सरळ वर निघून जाते आणि तिच्या जागी बाजूची थंड हवा ओढली जाते. माझ्या मते शेकोटीचा फायदा धुरापेक्षा उष्णतेमुळे आणि हवा ढवळली गेल्यामुळे जास्त होतो. थंड हवा पाण्यासारखी उताराने वाहते आणि खोलगट जागी साचते. त्यामुळे ओढ्याकाठच्या खालच्या तुकड्यात रोपवाटिका किंवा थंडीला नाजूक असलेले पीक घेऊ नये. आडव्या बांधावरचे दाट कुंपण खालच्या बाजूला असेल तर तेही हवा अडवून धरते. तिथे मोकळी वाट ठेवावी.

रामदास यांच्या विभागाने असे आणखीही साधे प्रयोग केले. पुण्याच्या काळ्या जमिनीवर खडूच्या भुकटीचा पातळ पांढरा थर पसरला तर मातीचे तापमान उतरते, हे त्यांनी मोजून दाखविले. पांढरा रंग ऊन परत फेकतो, एवढेच त्याचे कारण. आज आपण आच्छादनाचे निरनिराळे प्रकार वापरतो. त्यांचा विचार करताना हा प्रयोग आठवावा.

उन्हाळा तापला म्हणजे पाऊस चांगला?

दुसरी हकिगत डॉ. सुलोचना गाडगीळ यांची. त्या पुण्याच्याच; जन्म १९४४ चा. अमेरिकेत उच्च शिक्षण घेऊन त्या १९७१ साली परत आल्या आणि पुण्याच्या याच उष्णदेशीय संस्थेत सुमारे दोन वर्षे काम करून पुढे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत गेल्या. वय जेमतेम सत्तावीस. पुण्यात डी. आर. सिक्का यांच्यासारखे मान्सूनचे नकाशे कोळून प्यालेले शास्त्रज्ञ होते. गाडगीळ यांचे गणित आणि सिक्का यांचा अनुभव अशी जोडी पुढे जमली.

त्या वेळी उपग्रहांची छायाचित्रे नुकतीच मिळू लागली होती. या दोघांनी १९७३ ते १९७७ या वर्षांतील उन्हाळ्यापासून पावसाळा संपेपर्यंतची रोजची छायाचित्रे एकेक करून पाहिली. भारताच्या रेखांशावर ढगांचा सर्वांत दाट पट्टा आज कुठे आहे, उद्या कुठे सरकला, अशी टिपणे केली. त्यातून दिसले असे की पावसाळ्यात ढगांचे दोन पट्टे असतात. एक आपल्या भूमीवर आणि दुसरा विषुववृत्ताजवळ समुद्रावर. जमिनीवरचा पट्टा काही काळ टिकतो, मग विरतो. पुन्हा जोर धरायचा तर समुद्रावरचा पट्टा उत्तरेकडे सरकत येतो आणि जमिनीवरच्या पट्ट्याची जागा घेतो. असे दोन ते सहा आठवड्यांच्या अंतराने होते. हा अभ्यास १९८० साली प्रसिद्ध झाला.

आपण ज्याला पावसाचा खंड किंवा उघडीप म्हणतो, तिचे मूळ या हालचालीत आहे. म्हणून खंड हा मान्सूनचा अपवाद नाही. तो त्याच्या चालीचाच भाग आहे. दर पावसाळ्यात खंड पडणारच. प्रश्न एवढाच असतो की तो किती दिवसांचा पडेल आणि आपले पीक तेव्हा कोणत्या अवस्थेत असेल.

या कामातून आणखी एक गोष्ट निघाली, ती आपल्या एका समजुतीला धक्का देणारी आहे. आपण म्हणतो, वैशाख तापला की पाऊस चांगला. शाळेत शिकवतात तेही तसेच: जमीन तापते, हवा वर जाते, समुद्रावरून वारे येतात. हे चित्र हॅले या इंग्रज शास्त्रज्ञाने १६८६ मध्ये मांडलेले. गाडगीळ यांनी त्यावर साधा प्रश्न विचारला. जमिनीच्या तापण्यावरच पाऊस अवलंबून असेल तर सर्वांत जास्त पाऊस मे महिन्यात का पडत नाही? आणि दुष्काळी वर्षात पावसाळ्यातील जमीन चांगल्या वर्षापेक्षा अधिक तापलेली असते, हे कसे? उघड आहे की पाऊस पडला म्हणून जमीन थंड राहते, पडला नाही म्हणून तापते. मान्सून हा मुख्यतः विषुववृत्ताजवळच्या ढगांच्या पट्ट्याचा उत्तरेकडे झालेला प्रवास आहे. जमिनीचे तापणे त्याला वाट करून देते, पण नुसत्या कडक उन्हाळ्यावरून येणाऱ्या पावसाचा हिशेब बांधता येत नाही. तुम्हीच मागच्या दहा वर्षांचे उन्हाळे आणि पावसाळे आठवून ताडून पाहा.

गाडगीळ यांच्या कामाचा तिसरा भाग मला सर्वांत मोलाचा वाटतो. कर्नाटकातील पावगडच्या कोरडवाहू पट्ट्यात भुईमूग हे मुख्य पीक. तिथले शेषगिरी राव हे शेतीही करणारे आणि संशोधनही करणारे गृहस्थ. त्यांच्याबरोबर आणि तिथल्या शेतकऱ्यांबरोबर बसून गाडगीळ यांनी प्रश्न ठरवला: पेरणी नेमकी कधी करावी? पावसाच्या अनेक वर्षांच्या नोंदी घेतल्या, पिकाला कोणत्या अवस्थेत पाणी न मिळाल्यास जास्त नुकसान होते ते पाहिले, आणि दोन्हींची सांगड घातली. निष्कर्ष असा आला की पहिली संधी साधून जूनच्या अखेरीस पेरण्यापेक्षा जुलैच्या मध्यानंतर पेरणे त्या भागात अधिक भरवशाचे आहे. कारण शेंगा भरण्याचा काळ मग कोरड्या आठवड्यांत सापडण्याचा धोका कमी होतो. कृपा करून हा निष्कर्ष उचलून शिरूर किंवा बारामतीला लावू नका. पावगडचा पाऊस वेगळा, जमीन वेगळी. उचलायची आहे ती पद्धत. आपल्या तालुक्याच्या पावसाच्या नोंदी आणि आपले पीक घेऊन असाच अभ्यास आपल्याकडे अजून पुष्कळ ठिकाणी व्हायचा आहे, आणि या तरुण मंडळींना माझे सांगणे आहे की पदवीसाठी विषय शोधत असाल तर तो इथे आहे.

हंगामाचा आकडा आणि आपले शेत

एप्रिल महिन्यात हवामान खाते हंगामाचा अंदाज देते आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात मोठ्या अक्षरांत येते, 'यंदा पाऊस सरासरीएवढा'. या वाक्याचा अर्थ नीट समजून घ्यावा. सरासरी म्हणजे सबंध देशाची, जून ते सप्टेंबर या चार महिन्यांची, सुमारे ८७ सें.मी. आणि तिच्या ९६ ते १०४ टक्के पाऊस झाला तर त्याला सर्वसाधारण म्हणतात. त्यात तुमच्या गावाचे नाव नाही, तारीख नाही आणि खंडाचा उल्लेख नाही.

२०२३ चे उदाहरण ताजे आहे. त्या वर्षी देशात हंगामाचा पाऊस सरासरीच्या ९४ टक्के झाला. आकडा फार वाईट नाही. पण जुलैत सरासरीपेक्षा १३ टक्के जास्त आणि ऑगस्टमध्ये ३६ टक्के कमी. १९०१ पासूनच्या नोंदींत इतका कोरडा ऑगस्ट झाला नव्हता. सोयाबीन फुलोऱ्यात आणि शेंगा धरण्याच्या वेळी माना टाकून उभे होते. त्या शेतकऱ्याला ९४ टक्क्यांचा काय उपयोग?

मग हंगामाचा अंदाज द्यायचाच कशाला, असे कोणी विचारील. त्याला आधार आहे. जगदीश शुक्ल यांचे नाव तुम्ही ऐकले नसेल. उत्तर प्रदेशातील बलिया जिल्ह्यातल्या मिर्धा या खेड्यातला हा मुलगा. साठच्या दशकात तोही पुण्याच्या या संस्थेत उमेदवारी करीत होता. पुढे अमेरिकेत त्यांनी चार्नी यांच्याबरोबर १९८१ साली असे मांडले की रोजचे हवामान आठ-दहा दिवसांपलीकडे सांगता येत नसले, तरी उष्ण प्रदेशातील हंगामाचा कल सांगता येऊ शकतो, कारण तो सावकाश बदलणाऱ्या समुद्राच्या तापमानाशी बांधलेला असतो. लांब दाव्याने खुंट्याला बांधलेला बैल या क्षणी कुठे चरतो आहे ते घरात बसून सांगता येत नाही, पण खुंटा कुठे ठोकला आहे ते माहीत असेल तर तो कोणत्या भागात असेल ते सांगता येते. एल निनो म्हणजे पॅसिफिक महासागराचे पाणी तापणे; त्याने हा खुंटाच उपटून दुसरीकडे ठोकला जातो. १९७२ साली तसे झाले. त्या दुष्काळाची आठवण आपल्याकडे सांगावी लागत नाही.

पण खुंटा एकच नाही. १९९७ साली एल निनो फार मोठा होता आणि तरीही देशात पाऊस सरासरीएवढा, किंचित जास्तच झाला. उलट २००२ मध्ये एल निनो त्याहून कमजोर असूनही पाऊस १९ टक्के कमी पडला. पुण्याच्या संस्थेतील कृष्णकुमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये दाखविले की एल निनो आणि मान्सून यांचे नाते पूर्वीइतके घट्ट राहिलेले नाही. गाडगीळ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये आपल्याजवळच्या हिंदी महासागराकडे बोट दाखविले. तेव्हा 'यंदा एल निनो आहे' एवढ्या बातमीवर पेरणी सोडून देऊ नये, आणि 'यंदा एल निनो नाही' म्हणून निर्धास्तही राहू नये.

पाऊस पडण्याची रीत बदलते आहे, हे तुम्ही म्हणताच. नोंदीही तेच सांगतात. बी. एन. गोस्वामी आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये १९५१ ते २००० या काळाचा अभ्यास करून दाखविले की मध्य भारतात अतिवृष्टीचे प्रसंग वाढले आणि मध्यम पावसाचे कमी झाले. एकूण बेरीज जवळपास तीच राहिली. रॉक्सी मॅथ्यू कोल यांनी २०१७ मध्ये याच पट्ट्यात दूरवर पसरलेल्या अतिवृष्टीचे प्रसंग १९५० पासून तिपटीने वाढल्याचे मांडले. आपल्या शेतीसाठी याचा अर्थ असा की पाणी मुरविण्याची आणि जादा पाणी बाहेर काढण्याची सोय एकाच शेतात हवी. रुंद वरंबा-सरीवर सोयाबीन घेणाऱ्यांनी दोन्ही साधले आहे.

पेरणीचे काय?

तर आता तो मागच्या रांगेतला प्रश्न. नक्षत्र हे पंचांगाचे आहे. मृग दरवर्षी ७ किंवा ८ जूनला लागतो, पाऊस मात्र ठरलेल्या दिवशी येत नाही. पहिल्या वळवाच्या सरीवर पेरू नये. ७५ ते १०० मि.मी. पाऊस होऊन, जमिनीत वीतभर ओल जाऊन वापसा आल्यावरच पेरावे, हा विद्यापीठाचा सल्ला तुम्हाला पाठ आहे. त्याच्या जोडीला आता एक नवी गोष्ट आली आहे. ढगांच्या पट्ट्याची जी चाल सिक्का आणि गाडगीळ यांनी छायाचित्रांवरून टिपली, तिच्या आधारे पुण्याच्या संस्थेने पुढील दोन-तीन आठवड्यांचा अंदाज काढण्याची पद्धत विकसित केली. हवामान खाते आता दर गुरुवारी पुढील चार आठवड्यांचा विस्तारित अंदाज देते. पहिल्या दोन आठवड्यांवर बराच विश्वास ठेवता येतो, पुढच्यावर कमी. ओल पुरेशी आहे, पण पुढच्या दोन आठवड्यांत पाऊस सरासरीपेक्षा बराच कमी दाखविला आहे, अशा वेळी हलक्या जमिनीत चार दिवस थांबणे शहाणपणाचे. भारी जमिनीत ओल खोल असेल तर पेरून घेता येईल. दर मंगळवारी आणि शुक्रवारी कृषी हवामान सल्ला निघतो, त्यात हे जिल्ह्यानुसार दिलेले असते.

मे २०२५ पासून संस्थेने तयार केलेली 'भारत' अंदाज पद्धत सुरू झाली आहे. पूर्वी १२ कि.मी.च्या चौकोनाचा विचार होई, आता ६ कि.मी.चा होतो. सुधारणा मोठी आहे. तरीही ६ कि.मी.च्या चौकोनात दोन-तीन गावे बसतात, आणि वळवाचा पाऊस बैलाच्या एका शिंगावर पडतो, दुसऱ्यावर नाही, असे आपणच म्हणतो. मोबाइलवर जे 'पुढील शंभर दिवसांचा तारीखवार पाऊस' म्हणून फिरते, त्याला कोणताही शास्त्रीय आधार नाही. ते पाहून एक किलोसुद्धा बियाणे विकत घेऊ नये.

विजेबद्दल थोडक्यात सांगतो. याच संस्थेचे 'दामिनी' हे ॲप आपल्या आसपास वीज पडण्याची शक्यता असेल तर सूचना देते. घरातल्या तरुणांच्या मोबाइलवर ते घ्यायला सांगा. मेघगर्जना ऐकू येताच झाडाखाली उभे राहू नका. पक्के घर गाठा. बैल झाडाला बांधू नका.

आता या तरुण मंडळींना एक शब्द, तुमच्यासमोरच. तुमची चर्चासत्रे इंग्रजीत होतात, ते समजण्यासारखे आहे. पण जे काम मराठीत, शेतकऱ्यासमोर, तक्त्याशिवाय सांगता येत नाही, ते आपल्याला स्वतःलाच पुरते समजले आहे का, हे तपासावे. मघाशी आपल्यातील एका मुलीला सासवडकडच्या एका शेतकऱ्याने विचारले, "६० टक्के शक्यता म्हणजे पाऊस येणार की नाही?" तिने उत्तर छान दिले. ती म्हणाली, "काका, असे मी दहा वेळा सांगितले तर सहा वेळा येईल, चार वेळा नाही. फवारणीचे औषध महाग असेल तर त्या दिवशी फवारू नका. नुसते खुरपण असेल तर करा." हे उत्तर पुस्तकात नाही.

तुमच्याकडूनही या मंडळींना काही हवे आहे. ते म्हणजे नोंदी. तालुक्याच्या ठिकाणचा पाऊस तुमच्या शिवाराचा नसतो. ॲना मणी यांनी १९४८ पासून हवामान खात्यात राहून आपल्या देशातच उपकरणे बनावीत यासाठी आयुष्य वेचले. त्या दर्जाचे पर्जन्यमापक घेता आले तर उत्तम. नाही तर सरळ उभ्या कडांचा, सपाट बुडाचा पत्र्याचा डबा घ्या. डब्याचा घेर लहान-मोठा असला तरी चालतो, कारण मोजायची आहे ती पाण्याची उंची. डबा उघड्यावर, झाडापासून आणि भिंतीपासून त्यांच्या उंचीच्या निदान दुप्पट अंतरावर, तोंड जमिनीपासून फूटभर वर राहील असा पक्का बसवा. रोज सकाळी साडेआठला पट्टी घालून मिलिमीटर मोजा, लिहा आणि डबा रिकामा करा. वहीत पावसाशेजारी पेरणीची तारीख, वापसा कधी आला, किती दिवस उघडीप होती आणि पीक तेव्हा कोणत्या अवस्थेत होते, एवढे लिहा. पाऊस नसेल त्या दिवशी शून्य लिहा. जागा कोरी ठेवू नका. कोरी जागा म्हणजे पाऊस पडला नाही की पाहायचे राहिले, हे पुढे कोणालाच सांगता येत नाही.

काही चिठ्ठ्या आल्या आहेत. एकात विचारले आहे, बागेत तापमापक कुठे लावावा? दोन लावावेत. एक साधारण चार फुटांवर, उन्हापासून आडोसा करून, पण हवा खेळती राहील असा. त्याची तुलना वेधशाळेच्या आकड्याशी करता येईल. दुसरा किमान तापमान दाखविणारा, पिकाच्या शेंड्याच्या उंचीवर, आकाशाकडे उघडा. तो सूर्य उगवण्यापूर्वी वाचावा. दोन्हींतला फरक एक हिवाळाभर वहीत लिहिला, की पेटीतला कोणता आकडा आला म्हणजे आपल्या बागेत शेकोट्यांची तयारी करायची, तो तुमच्या शेताचा आकडा तुम्हाला मिळेल. खोलगट तुकडा असेल तर तिसरा तापमापक तिथे लावावा.